ट्रेलरवरून जड मशीन उतरवताना: गोव्यातल्या साइटवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जड मशीन चढवण्या-उतरवण्याच्या कामात मला वीसेक वर्षं झाली. सुरुवात डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात, आता बहुतेक काम वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या औद्योगिक वसाहतींत. कारखान्याचे मालक, छोटे कंत्राटदार, ट्रेलरवाले असे सगळे फोन करून जे विचारतात, त्यातले वरचेवर येणारे प्रश्न इथे घेतलेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच माणसं चिरडतात.

सगळ्यात धोक्याची वेळ कोणती? मशीन उचलताना की खाली टेकवताना?

दोन्हींच्या आधीच सुरू होणारी. साखळ्यांनी जखडलेलं मशीन ट्रेलरवर गुमान बसलेलं असतं. जमिनीवर टेकलं की तेही निवांत. शेवटची साखळी सुटल्यापासून मशीन पूर्ण टेकेपर्यंतचा जो वेळ, त्यात ते ना बांधलेलं असतं ना ठेवलेलं. मी त्याला ‘सुटं मशीन’ म्हणतो. गंमत अशी की नेमक्या त्याच वेळी सगळ्यांना जवळ यायचं असतं. कोणी ठोकळा सरकवायला वाकतो, कोणाला व्हिडिओ काढायचा असतो, आणि पात्रांव, म्हणजे मालक, ऑफिसातून बाहेर येऊन ट्रेलरच्या कडेलाच उभे राहतात, कारण मशीन त्यांच्या पैशाचं असतं.

माझा एकच नियम. मशीन सुटं असेपर्यंत ते जेवढं उंच आहे त्याच्या दीडपट अंतराच्या आत ऑपरेटरखेरीज कोणी नाही. तीन मीटर उंच मशीन असेल तर साडेचार मीटर. दोरी बांधा, चुन्याची रेघ मारा, काहीही करा, पण माणसं कुठे उभी राहणार हे साखळी सोडण्यापूर्वी ठरलेलं असू द्या. खाली जे जे लिहिलंय ते सगळं फिरून याच मुद्द्यावर येतं.

जागा कधी ठरवायची?

ट्रेलर पुण्याहून किंवा बेळगावहून निघण्याआधी. ट्रेलर दारात आल्यावर जागा शोधायला लागलात तर जी मिळेल ती जागा ‘चांगली’ वाटते.

गोव्यात जमीन फसवते. वरून जांभा दगडाचा कातळ टणक दिसतो. त्याच्याखाली कित्येक ठिकाणी साबणासारखी मऊ चिकणमाती असते, आणि कातळ फोडून प्लॉट सपाट केला की ती उघडी पडते. उन्हाळ्यात तिच्यावर ट्रक आरामात फिरतो, जूनमध्ये त्याच जागी चाक रुततं. दुसरा प्रकार भरावाचा. शेतात किंवा खाजनाच्या (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतीच्या) कडेला लाल मातीचा भराव टाकून केलेले प्लॉट वरून मैदानासारखे दिसतात, पोटात मात्र चिखल असतो. तिसरा, सगळ्यात लबाड: झाकलेला शोषखड्डा, जुनी विहीर, गटाराची फरशी. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, ‘काका, इथे आधी काय होतं?’ त्या प्रश्नाने माझी एक क्रेन वाचली आहे. क्रेनचा पाय जिथे टेकणार होता तिथे बुजवलेली बाव, म्हणजे विहीर, निघाली.

क्रेनच्या पायाखाली काय घालायचं याचा हिशेब सोपा आहे. एका पायावर २० टन आले आणि पायाची पाटी ३० बाय ३० सेंटिमीटरची असली, तर जमिनीवर दर चौरस मीटरला २२२ टनांचा दाब पडतो. त्याच पाटीखाली एक मीटर बाय एक मीटरचं भक्कम स्लीपरचं (जाड लाकडी ओंडक्यांचं) बैठं घातलं तर तोच दाब २० टनांवर येतो. जांभ्याचे चिरे पायाखाली घालू नका. चिरा घराच्या भिंतीत शंभर वर्षं टिकतो, पण क्रेनच्या पायाखाली बिस्किटासारखा फुटतो.

आणि मान वर करून बघा. आपल्या अंतर्गत रस्त्यांवर ११ केव्हीची लाइन कुठे माडाच्या झावळ्यांतून जाते ते पटकन दिसतसुद्धा नाही. बूम (क्रेनचा लांब हात), तिचं टोक, लटकणारा दोर, यांपैकी काहीही तारेपासून निदान ३ मीटरच्या आत येता कामा नये. येणारच असेल तर वीज खात्याला आधी अर्ज देऊन लाइन बंद करून घ्या. ‘पाचच मिनिटांचं काम आहे’ हे वाक्य तारेला ऐकू येत नाही.

ट्रेलर रात्रभर चालून, घाट उतरून पहाटे आला आहे. लगेच उतरवायला काय हरकत आहे?

तीन हरकती. चोर्ला असो वा अनमोड, घाट उतरताना माल पुढे रेटला जातो, वळणांवर दोन्ही बाजूंना हिसके खातो. साखळ्या एका बाजूने सैल आणि दुसऱ्या बाजूने ताठ झालेल्या असतात. म्हणजे मशीन जिथे बांधलं होतं तिथेच ते आहे असं धरून चालता येत नाही. दुसरं, ब्रेक तापलेले असतात. तिसरं, ड्रायव्हर झोपेला आलेला असतो. त्याला चहा द्या, तोंड धुवू द्या, तासभर आडवा होऊ द्या. तेवढ्या वेळात तुम्ही ट्रेलरभोवती एक फेरी मारा: टायर, साखळ्या, मशीन कोणत्या बाजूला झुकलंय, ट्रेलरच्या फळ्या कुठे कुजल्यात.

यावर मालक म्हणतात, हॉल्टिंगचं, म्हणजे ट्रेलर थांबवून ठेवल्याचं, भाडं कोण देणार? एका दिवसाचं हॉल्टिंग मशीनच्या किमतीपुढे काय आहे ते तुम्हीच बघा. आणि बहुतेक वेळा प्रश्न दिवसाचा नसतोच, दोन तासांचा असतो.

साखळ्या कुणी सोडायच्या, कशा?

ज्याने बांधल्या त्याने, म्हणजे ट्रेलरच्या माणसाने. त्याच्यासोबत तुमचा एक जाणता माणूस. सोडण्याआधी मशीनला दुसरा आधार हवा: चाकांवरचं असेल तर चाकांना पुढून-मागून ठोकळे, क्रेनने उचलायचं असेल तर पट्टे अडकवून हलका ताण घेतलेला. आधी आधार, मग साखळी. उलट क्रमाने केलं की मशीन घरंगळतं.

साखळी ताणून धरणारा लिव्हरवाला बाइंडर असेल तर तो सरळ तोंडासमोर धरून उघडू नका. त्यात दाबून ठेवलेला जोर असतो. मी एका क्लीनरचे पुढचे दोन दात त्या लिव्हरने गेलेले बघितले आहेत. लिव्हर अंगावर येईल अशा रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून उघडा हात वापरायचा, आणि अडकला तर लिव्हरला पाइप घालून जोर काढायचा नाही. एखादी साखळी बाकीच्यांपेक्षा फार ताठ असेल तर थांबा. मशीन तिच्यावर रेललेलं आहे, तीच त्याला धरून आहे. मशीन ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूला कोणी उभं नाही ना, हे बघूनच पुढचं.

पोकलेन तर स्वतःच्या पायांनी उतरते. त्यात काय धोका?

सगळ्यात जास्त इथेच. लोकांना क्रेनची भीती वाटते, रॅम्पची वाटत नाही.

पहिली गोष्ट, ट्रेलर म्हणजे सी-सॉ आहे. २० टनांची पोकलेन मागे रॅम्पच्या तोंडाशी आली की ट्रेलरची शेपटी दबते आणि पुढचं टोक वर उचललं जातं. पुढे हॉर्स (ट्रेलर ओढणारा ट्रक) जोडलेला असेल तर त्याच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं, म्हणजे त्या चाकांचे ब्रेक नावापुरते उरतात. अशा वेळी ट्रेलर पुढे सरकला तर पोकलेन मधल्यामध्ये आपटते. म्हणून ट्रेलरच्या शेपटीखाली, रॅम्पच्या बिजागरीच्या खाली, स्लीपर रचून पक्का आधार द्यायचा. हॉर्स जोडलेलाच ठेवायचा, हँडब्रेक लावायचा आणि हॉर्स व ट्रेलर दोघांच्याही चाकांना ठोकळे लावायचे. रस्त्यावरचा दगड म्हणजे ठोकळा नव्हे.

दुसरी, रॅम्पचा चढ. १५ अंशांपेक्षा तो जास्त नको. कोनमापक घेऊन कोणी साइटवर जात नाही, म्हणून सोपं गणित सांगतो: रॅम्प ट्रेलरच्या उंचीच्या चौपट लांब हवा. लोबेडचा (बुटक्या ट्रेलरचा) माथा ९० सेंटिमीटरवर असेल तर साडेतीन-पावणेचार मीटरचा रॅम्प. साधा सपाट ट्रेलर दीड मीटर उंच असेल तर सहा मीटर. आपल्याकडे अनेक लोबेडचे रॅम्प यापेक्षा आखूड असतात. मग रॅम्पच्या पायथ्याशी स्लीपर रचून उंची मारावी लागते, आणि ते स्लीपर सरकू नयेत म्हणून एकमेकांना क्लॅम्प किंवा खिळे मारून बांधावे लागतात.

तिसरी, लोखंडावर लोखंड. पोकलेन ज्यावर चालते ती साखळी लोखंडी, रॅम्प लोखंडी, मध्ये ओली लाल माती. घसरगुंडीला आणखी काय लागतं? उतरवण्याआधी रॅम्पवरचा आणि मशीनच्या साखळीतला चिखल पहारीने खरवडून काढा. खाणीवर आम्ही जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या कापून रॅम्पवर अंथरायचो, रबर धरून ठेवतं. गोणपाट टाकू नका, ते मशीनखाली गुंडाळलं जातं आणि ओलं झालं की रॅम्पहून वाईट.

आता ऑपरेटरला. रॅम्पवर यायच्या आधी सरळ रेषेत लागायचं, कारण रॅम्पवर वळवायचं नाही. जरा वाकडं लागलंय असं वाटलं तर परत वर जा, पुन्हा सरळ करा. स्लो गिअर, न्यूट्रल कधीच नाही, बकेट जमिनीपासून वीत-दीड वीत वर. उतारावर वरचा भाग फिरवायचा नाही. मशीनचं तोंड कुठल्या बाजूला ठेवून उतरायचं ते त्या मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते बघा. ट्रेलरचा माथा संपून रॅम्प सुरू होतो तिथे मशीन एकदम खाली झुकतं. पुढचा भाग अधांतरी असतो, मग ‘धप्’ होतो. त्या क्षणी नवा ऑपरेटर घाबरून लिव्हर सोडतो किंवा पूर्ण दाबतो. तिथे मुंगीच्या पावलाने जायचं.

सीट बेल्ट. ‘उडी मारता आली पाहिजे’ म्हणून बेल्ट न लावणारे ऑपरेटर माझ्या ओळखीत अनेक. उलटणारं मशीन माणूस ज्या बाजूला उडी मारतो बहुधा त्याच बाजूला पडतं. केबिनच्या आत बेल्ट लावून बसलेल्या माणसाला वाचायची संधी असते, अर्धा बाहेर आलेल्याला नसते.

रोलरला वेगळी काळजी लागते का?

हो. ड्रम गुळगुळीत असतो आणि मशीनचं बरंचसं वजन त्याच्यावर. डिचोलीकडच्या एका साइटवर जूनच्या पहिल्या आठवड्यात ११ टनी रोलर उतरत होता. भुरभुर पाऊस. ड्रम रॅम्पवर आला आणि काहीच आवाज न करता हातभर बाजूला सरकला. रॅम्पच्या कडेला ठोकळा हातात धरून उभा राहायला एक पोरगा नेमला होता. तो नेमका तंबाखू मळायला म्हणून चार पावलं मागे गेला होता. रोलर उलटला, ठोकळा त्याच्याखाली सापडला. संध्याकाळी आम्ही तो ठोकळा बाहेर काढला तेव्हा पोळपाटासारखा चपटा झाला होता.

त्या पोराला तिथे उभं केलं होतं मीच. रॅम्पच्या कडेला हातात ठोकळा धरून माणूस उभा करायची पद्धत मी त्या दिवशी बंद केली. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही करा. चालत्या मशीनच्या चाकाखाली ठोकळा सारून कोणी ते थांबवू शकत नाही. ठोकळा उभ्या चाकाला लावायचा असतो.

रोलर ओल्या रॅम्पवर उतरवायचाच नाही, हा साधा उपाय. रबर अंथरा, किंवा पाऊस थांबून रॅम्प सुकेपर्यंत थांबा, किंवा क्रेन बोलवा. उतरताना व्हायब्रेशन बंद.

मशीनचं वजन नक्की किती ते कसं कळणार?

अंगावरच्या पाटीवर असतं, नाहीतर कागदपत्रांत. बॅकहो लोडर साडेसात-आठ टन, मध्यम पोकलेन २० टनांच्या आसपास, हे ढोबळ आकडे सगळ्यांना पाठ असतात. घोटाळा होतो तो पाटीवरचं वजन आणि समोरचं वजन वेगळं असतं तेव्हा. रॉक ब्रेकर लावलेला असेल, जनरेटरची टाकी डिझेलने भरलेली असेल, ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असेल, लाकडी खोक्यात सुटे भाग ठेवलेले असतील. शंका असेल तर वजनकाट्यावरून ट्रेलर नेऊन आणा. रिकाम्या ट्रेलरचं वजन आरसीवर असतंच, वजाबाकी करा.

हायड्रा १२ टनी आहे आणि मशीन सहा टनांचं. म्हणजे दुप्पट ताकद, नाही का?

नाही. हायड्रा म्हणजे माल उचलून चालणारी क्रेन. तिच्यावर रंगवलेला १२ हा आकडा बूम आत असताना, माल अगदी नाकासमोर असताना आणि जमीन सपाट असताना. बूम बाहेर काढत गेलात की ताकद झपाट्याने घटते, लांबवर धरली तर दोन-अडीच टनांपर्यंतही येऊ शकते. केबिनमध्ये लोड चार्ट असतो. उन्हाने पांढरा पडलेला असेल तर क्रेनवाल्याकडे नवा मागा. चार्ट नसलेली क्रेन परत पाठवा.

शिवाय हायड्रा कमरेत वळते. माल उचलून वळली की वजन एका बाजूला जातं आणि सरळ असताना पेलणारा माल तिला उलटवतो. माल घेऊन चालायचंच असेल तर सरळ, सपाट जमिनीवर, माल जमिनीपासून फूटभरच वर, आणि वळण घ्यायचं तर मोठं, हळू. मालासमोर उलट्या पावलांनी चालत त्याला हाताने धरून नेणारा हेल्पर मला आजही दर आठवड्याला दिसतो. अडखळला की तो हायड्राच्या पुढच्या चाकाखाली. मालाला दोन लांब दोर बांधा आणि बाजूने धरा.

एक आमचीच गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात साडेपाच टनांचं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन उतरवत होतो. हायड्रा १४ टनी, पट्टे नवे, सगळं कसं व्यवस्थित. पण मशीनच्या पाठीला विजेचं पॅनेल आणि मोटर, म्हणजे वजन सगळं मागे. आम्ही पट्टे दिसायला मधोमध घातले. खोक्यावर उचलण्याच्या जागेची खूण छापलेली होती, ती ताडपत्रीखाली झाकलेली, आणि ताडपत्री वर करून बघायची तसदी मी घेतली नाही. फूटभर उचललं आणि ते सावकाश मागे कलंडलं, झोप आलेल्या माणसासारखं. माणसं दोरीबाहेर होती म्हणून कोणाला लागलं नाही. मशीनचा उभा खांब मोडला, मालक सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून कुठलाही माल आधी चार बोटं उचलायचा, थांबायचं, कुठे झुकतो बघायचं. वाकडा वाटला तर खाली ठेवून पट्टे सरकवायचे. दोनदा, तीनदा, लागेल तितक्या वेळा.

पट्टा बरा की वायर रोप?

रंगवलेल्या, नाजूक मशीनला पट्टा. धारदार कडा, तापलेला किंवा ओबडधोबड माल असेल तर वायर रोप किंवा चेन. पट्ट्याच्या रंगावरून त्याची ताकद कळते: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८, नारिंगी १०. तरी लेबल वाचाच, आणि लेबल नसलेला पट्टा कापून टाका. ‘कापून’ अशासाठी की नुसता कोपऱ्यात टाकला तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा कामावर येतो. गळफाशासारखा आवळून घातला तर पट्ट्याची ताकद साधारण ८० टक्के धरा. कडेला रबराचा तुकडा घाला. पट्ट्याला गाठ मारून लांबी कमी करायची नाही.

कोनाचं मात्र नीट समजून घ्या. १० टन माल, दोन पट्टे. पट्टे उभे असतील तर प्रत्येकावर ५ टन. जमिनीशी ६० अंशांचा कोन झाला तर ५.८ टन. ४५ अंश, ७.१ टन. ३० अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण १० टन! माल तोच, क्रेन तीच, फक्त आखूड पट्टे वापरल्यामुळे ताण दुप्पट. म्हणून पट्टे लांब घ्या, ४५ अंशांच्या खाली जाऊ नका.

वायर रोपवरून हात फिरवून तुटलेल्या तारांचे काटे तपासू नका, कापडाने पुसा. कापड अडकलं की काटा आहे.

फोर्कलिफ्टने काढलं तर?

छोटं मशीन, पॅलेटवर, तर चालेल. पण पाच टनी फोर्कलिफ्टचे पाच टन हे माल काट्यांच्या मुळाशी असताना, पाटीवर लिहिलेल्या लोड सेंटरपर्यंतच, म्हणजे काट्यांच्या मुळापासून मालाच्या वजनाच्या मध्यापर्यंतच्या अंतरापर्यंतच. मशीन खोल असेल तर क्षमता कमी धरा. काट्यांना पाइप घालून लांबी वाढवणं आणि मागे माणसं वजन म्हणून बसवणं, हे दोन्ही प्रकार दिसले की काम बंद करा.

सिग्नल कुणी द्यायचा?

एकाने. चौघे चार बाजूंनी ओरडायला लागले की ऑपरेटर ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. सिग्नल देणारा ऑपरेटरला दिसेल अशा जागी, अंगात भडक जॅकेट, हातात मोबाइल नाही. तो दिसेनासा झाला तर ऑपरेटरने थांबायचं. ‘थांब’ एवढा एकच सिग्नल कोणीही देऊ शकतो, अगदी चहावाल्या पोऱ्यानेही.

आपल्या साइटवर मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी, ओडिया असे सगळे असतात. म्हणून शब्दांपेक्षा हाताच्या खुणा बऱ्या, आणि त्या काम सुरू करण्याआधी एकदा सगळ्यांसमोर करून दाखवायच्या. जुने खलाशी अजून ‘हाबेस’ म्हणजे वर घे आणि ‘आरिया’ म्हणजे खाली सोड म्हणतात. आरिया हा जहाजावरचा शब्द, पोर्तुगीज ‘आरियार’वरून आलेला, शीड उतरवण्याचा. तो आमच्या मुरगावच्या धक्क्यावरही आणि झारखंडच्या रिगरच्या, म्हणजे माल बांधून उचलणाऱ्याच्या, तोंडीही. चालतोय तर चालू द्या, पण नव्या पोराला त्याचा अर्थ माहीत आहे ना, एवढं विचारा.

क्रेन नाही, रॅम्प नाही. बांधाला ट्रेलर लावून उतरवलं तर?

गावात हे सर्रास चालतं आणि नीट केलं तर वाईट नाही. बांध ट्रेलरच्या उंचीचा, मशीनपेक्षा दोन्ही बाजूंना निदान मीटरभर रुंद, आणि रोलरने किंवा बकेटने दाबून घट्ट केलेला हवा. ताजी ओतलेली माती चालणार नाही. ट्रेलर आणि बांध यांच्यामध्ये फट राहता कामा नये. राहिलीच तर जाड लोखंडी प्लेट टाका, आणि ती सरकणार नाही अशी अडकवा.

पावसाळ्यात काम बंदच ठेवायचं का?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. चार महिने बंद ठेवून कोणाचं पोट भरत नाही. मी तीन गोष्टी बघतो. विजा चमकत असतील तर क्रेन उभी करायची नाही. वाऱ्याने माल दोरीवर झुलायला लागला तर खाली ठेवायचा, क्रेनच्या पुस्तकात वाऱ्याची मर्यादा असते ती पाळायची. आणि रात्रभर पाऊस पडून गेला असेल तर कालची जमीन आजची धरायची नाही, पाय टेकवून पुन्हा तपासायचं.

पावसाहून मला मे महिन्याचा शेवट आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा जास्त धास्तीचा वाटतो. ‘पावसाआधी उरकू’, ‘चवथीक घरा वचपाचें आसा’ (चवथीला घरी जायचंय), म्हणजे सगळी घाई.

मशीन किंवा बूम विजेच्या तारेला लागली तर?

ऑपरेटरने केबिनमध्येच बसायचं, कशालाही हात न लावता. जमत असेल तर बूम तारेपासून दूर घ्यायची. खालच्या माणसांनी निदान १० मीटर लांब जायचं, पण मोठी पावलं टाकत नाही, पाय घासत, जवळजवळ. जमिनीतही करंट पसरलेला असतो आणि दोन पावलांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. मशीनला किंवा त्यातल्या माणसाला शिवायचं नाही. वीज खात्याला १९१२ वर, नाहीतर ११२ वर फोन. लाइन बंद झाल्याचं खात्याने सांगेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. मशीनला आग लागली तरच उडी मारायची, आणि तीही मशीन व जमीन दोन्हींना एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जुळवून. मग तसेच पाय घासत लांब.

हेल्मेट, बूट दिले आहेत. पुरे ना?

ते द्यायलाच हवेत. हातमोजेही, साखळ्या हाताळणाऱ्याला. पण २० टनांखाली हेल्मेट काय करणार? रेघेबाहेर उभा असलेला माणूस चपलेत असला तरी घरी जातो.

कोणी सापडलंच मशीनखाली, तर?

१०८ ला फोन आधी, ओढाओढ नंतर. नेमकं ठिकाण सांगा, वसाहतीचं गेट, प्लॉट नंबर, आणि एक माणूस गेटवर उभा करा, कारण आपल्या वसाहतींत प्लॉट शोधायला वेळ जातो. मशीन आणखी हलणार नाही असं आधी करा: इंजिन बंद, ठोकळे, पॅकिंग. घाबरून मशीन उचलायला जाऊन ते दुसऱ्यांदा खाली बसलेलं मी ऐकलंय. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. पाणी पाजू नका, पुढे ऑपरेशन लागू शकतं. गंभीर असेल तर रुग्णवाहिकावाले बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेतील, ते त्यांना ठरवू द्या. स्वतःच्या गाडीत कोंबून निघू नका.

जबाबदारी कुणाची? ड्रायव्हरची, क्रेनवाल्याची की माझी?

जागा तुमची असेल तर तुमची सुटका नाही. बाकीच्यांचीही आहेच. क्रेन, पट्टे, शॅकल (पट्टे जोडायच्या लोखंडी कड्या) यांची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला नियम. त्याचं सर्टिफिकेट क्रेन आत घेण्यापूर्वी मागा, तारीख आणि क्रेनचा नंबर जुळवून बघा. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकणार नाही अशी दुखापत झाली तर कळवावं लागतं: कारखान्यात असेल तर पणजीच्या कारखाने आणि बाष्पके निरीक्षकांच्या कार्यालयाला. खाणीच्या हद्दीत केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचा अंमल. मशीनच्या विम्यात उतरवतानाचं नुकसान धरलंय का, तेही पॉलिसीत वाचून घ्या. प्रवासाचा विमा काही वेळा ट्रेलर दारात पोचला की संपतो.

मी साधा हेल्पर आहे. चुकीचं दिसलं तरी माझं कोण ऐकणार?

‘साहेब, चुकतंय’ म्हटलं तर नाही ऐकणार कदाचित. ‘साहेब, ती डावीकडची साखळी ताठ आहे, बघा जरा’ असं नेमकं बोट दाखवून सांगितलं तर बहुतेक वेळा बघतात. नाहीच बघितलं, तर तू रेघेच्या बाहेर जाऊन उभा राहा. तिथे उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

मशीन उतरलं. आता झालं ना?

रॅम्प वर घ्यायचा राहिलाय. स्प्रिंगचा असेल तर त्याच्या मागे उभं राहू नका, हायड्रॉलिक असेल तर बिजागरीत बोटं घालू नका. पिन लावली का ते ड्रायव्हरने स्वतः उतरून बघायचं. स्लीपर आणि ठोकळे मोजून घ्या, एखादा हमखास ट्रेलरबरोबर कोल्हापूरला जातो. आणि मागच्या चाकांचे ठोकळे काढल्याशिवाय ड्रायव्हरला ‘जाऊ दे’ म्हणू नका.